हे फेडायचं कोणी?

१९९४ च्या उन्हाळ्यात मी इंदूरच्या एका बँक शाखेत नवा अधिकारी होतो. अगदी तळातल्या कर्जदारांसाठी चार टक्के व्याजाची सरकारी योजना होती. तिचे हप्ते बघायला मी खान नदीच्या काठच्या एका बस्तीत जात असे. (नदीला आता सगळे कान्ह म्हणतात, तेव्हा खानच म्हणायचे.) त्या दिवशी गल्ली सगळी उकरून ठेवलेली होती. दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, मध्ये कमरेएवढा चर, चरात सिमेंटचे पाइप, आणि प्रत्येक उंबऱ्यापासून समोरच्या काठापर्यंत टाकलेली एकेक फळी. भाजीच्या हातगाडीसाठी कर्ज घेतलेल्या एक बाई होत्या, मूळच्या भुसावळकडच्या. त्यांनी मला फळीवरून जपून आत घेतलं, हप्त्याचे पैसे मोजून दिले आणि चराकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, ही नाली कोण बांधून देऊन राहिलं?"

"विलायतेचा पैसा आहे ताई. इंग्लंडच्या सरकारनं दिलाय."

"मग हे फेडायचं कोणी?"

"फेडायचं नाही. मदत आहे ती."

बाईंनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, "फेडायचं नाही, म्हंजे मग कधी फिटनारच नाही."

माझ्या हातात त्यांचं पासबुक होतं. त्यात त्यांचं देणं पैशापर्यंत लिहिलेलं होतं, आणि शेवटचा हप्ता भरला की त्या आणि मी बरोबरीचे होणार होतो. गल्लीतल्या पाइपचं तसं पासबुक कुठेच नव्हतं. गेली तीस वर्षं मी या प्रश्नावर मिळेल ते वाचत आलो आणि दरवेळी त्या बाईंच्या बाजूला थोडा अधिक सरकलो. ज्यानं राज्य केलं आणि ज्याच्यावर केलं, त्या दोघांमध्ये पैसा फिरतो तेव्हा त्याला मदत म्हणू नये, असं माझं मत झालं आहे. जुनं देणं असेल तर देणं म्हणावं, कर्ज असेल तर कर्ज, व्यापार असेल तर व्यापार. आणि जे काही असेल त्याचा कागद दोन्हीकडच्या लोकांना वाचता यावा.

पाइपांच्या त्या कामाला मी कमी लेखत नाही, हे आधी सांगतो. कागदोपत्री नाव इंदूर हॅबिटॅट प्रोजेक्ट. पैसा ब्रिटिश सरकारच्या परदेशी विकास खात्याचा, आणि कल्पना हिमांशु पारिख या अभियंत्याची. झोपडवस्त्या बहुतेक वेळा नाल्याच्या, नदीच्या काठी म्हणजे शहराच्या उतारावर असतात, आणि पाणी उताराकडेच जातं. तेव्हा शहराचं सांडपाणी वाहून न्यायच्या नैसर्गिक वाटा याच बस्त्यांमधून जातात. मग बस्ती वेगळी काढून तिच्यावर उपकार करण्यापेक्षा तिच्यातूनच साऱ्या शहराच्या गटारांचं जाळं न्यावं, आणि रस्ता घराच्या जोत्यापेक्षा खाली ठेवावा, म्हणजे पावसाचं पाणी घरात न शिरता रस्त्यावरून निघून जातं. १८३ बस्त्या आणि साडेचार लाखांच्या आसपास माणसं या कामाच्या कक्षेत आली. १९९८ साली त्याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे टीकाही झाली. पाइप तुंबले, जोडण्या अपुऱ्या पडल्या, देखभाल कोणी करायची हे नीट ठरलेलं नव्हतं. मी काही वर्षांनी त्याच गल्लीत गेलो तेव्हा फरशी टिकलेली होती, पण एका चेंबरचं झाकण फुटलेलं होतं आणि त्यावर कुणीतरी तुटक्या खाटेची चौकट आडवी ठेवली होती, पोरं पडू नयेत म्हणून. झाकण कुणाकडे मागायचं, हे गल्लीतल्या कुणालाच सांगता येईना. ज्यानं दिलं तो निघून गेला होता आणि ज्याच्या ताब्यात दिलं त्यानं ते मागितलेलं नव्हतं. देणाऱ्याची नियत चांगली होती, कामाची कल्पनाही उत्तम होती. तरी बस्तीतल्या माणसाला त्या कामाचा जाब विचारायचा हक्क नव्हता.

याच शहराची एक जुनी वही आहे, ती आमच्याकडे फारशी कोणी उघडत नाही. १८७० च्या सुमाराला दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खांडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षं. रुळांसाठी जमीन फुकट. नर्मदा ओलांडून, कालाकुंड-पाताळपाणीचा घाट चढून ती गाडी १८७० च्या दशकाच्या अखेरीस इंदूरला पोचली, आणि मार्गाचं नाव होतं होळकर स्टेट रेल्वे. एक कोटीवर साडेचार टक्के म्हणजे वर्षाला साडेचार लाख. या व्यवहाराला तेव्हाही कर्ज म्हणत आणि आजही इतिहासाच्या पुस्तकात कर्जच म्हणतात. होळकरांनी ब्रिटिश साम्राज्याला मदत केली, असं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांना या कर्जाचा फार अभिमान. इंदूरच्या मराठी घरांत ही गोष्ट सांगताना आवाज चढतो. मला त्यात अभिमानाइतकीच सावधगिरीही दिसते. रेसिडेन्सी कोठीत बसलेल्या इंग्रज सरकारच्या एजंटाच्या शब्दाबाहेर जाणं कुठल्याही संस्थानाला सोपं नव्हतं. महिदपूरच्या लढाईनंतर १८१८ साली मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख होळकरांच्या हातून गेला, ही आठवण तेव्हा पन्नासच वर्षांची होती. तरीही कागद झाला, दर ठरला, मुदत ठरली. दुबळ्या बाजूनं सबळ बाजूला पैसा देताना जे काही पदरात पाडून घेता येतं ते त्यांनी घेतलं. ती १०१ वर्षं साधारण १९७१ ला भरली असती. त्याआधीच, १९४८ साली, कर्ज देणारं संस्थानच मध्य भारतात विलीन झालं.

यावर कुणी म्हणेल, इंदूर कधी ब्रिटिश मुलूख नव्हताच, मग वसाहतीचा हिशोब इथे कशाला? त्यांनी माळव्याच्या अफूचा व्यवहार बघावा. माळवा संस्थानिकांचा, शेत शेतकऱ्याचं, सौदा सावकाराचा. पण पेटी मुंबई बंदराकडे निघायची तर इंग्रजांचा पास लागे. १८३१ साली या पासची फी पेटीमागे १७५ रुपये होती. १८४३ ला सिंध इंग्रजांच्या हाती गेला आणि कराचीमार्गे माल काढायची पळवाट बंद झाली, तशी फी चढत गेली. १८६० च्या दशकात ती सहाशेच्या घरात होती. ज्या पिकाला इंग्रजांनी एक पैसा भांडवल पुरवलं नाही, ज्या जमिनीवर त्यांचं राज्य नव्हतं, त्या मालावर केवळ वाट अडवून मिळवलेलं हे उत्पन्न. नकाशात रंग कोणता होता, याला फार महत्त्व नाही.

आता मोठ्या वहीकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडनं भारतातून धान्य, कापड, दारूगोळा आणि सैनिकांचा खर्च असं जे जे घेतलं, त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत रिझर्व्ह बँकेच्या नावावर जमा होत गेली. त्या पौंडांच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा छापल्या गेल्या आणि त्या नोटांनी इथल्या माणसाला पैसे चुकते केले. बँकेतल्या माणसाला हे चटकन समजतं: माल गेला, हातात नोट आली, आणि नोटेच्या मागे काय, तर लंडनच्या खात्यातला एक आकडा. बाजारात वस्तू कमी आणि नोटा जास्त, तेव्हा भाव चढले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणं अनेक होती, पण ही युद्धकाळची महागाई त्यातलं एक मोठं कारण होतं. गावातल्या भूमिहीन मजुराला तांदूळ घेणं परवडेना. म्हणजे इंग्लंडला उधारी दिली ती रिझर्व्ह बँकेनं कागदावर. प्रत्यक्षात ती दिली पोट मारून जगलेल्या आणि मेलेल्या माणसांनी.

युद्ध संपलं तेव्हा ही शिल्लक १३० कोटी पौंडांच्या आसपास गेली होती. जगावर राज्य करणारा देश आपल्या वसाहतीचा कर्जदार झाला होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४४ साली युद्धानंतरची जगाची चलनव्यवस्था ठरवायला अमेरिकेत भरलेल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळानं हाच विषय काढला. शिष्टमंडळातले ए. डी. श्रॉफ म्हणाले की, बँकेत दहा लाख डॉलर शिल्लक आहेत पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे पैसे नाहीत, अशी तुम्ही आमची अवस्था करताय. इंग्लंडच्या बाजूनं केन्ससारखा मोठा अर्थशास्त्रज्ञ समोर बसलेला होता. उत्तर असं मिळालं की हा इंग्लंड आणि भारत यांच्यातला मामला आहे, या परिषदेचा नव्हे.

पुढे काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण आजच्या 'मदती'चं मूळ तिथे आहे. युद्धकाळातल्या ब्रिटिश सरकारात भारतावर उलट दावा लावून ही रक्कम कापायची भाषा होत होती. तेवढं टोक गाठलं गेलं नाही, पैसा बुडवला गेला नाही, ही गोष्ट इंग्लंडच्या बाजूनं प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पण खातं गोठवून ठेवलं गेलं. आपलेच पैसे आपल्याला हप्त्याहप्त्यानं, करार करून, दरवेळी वाटाघाटीला बसून काढावे लागले. १९४८ च्या करारात त्यातले १० कोटी पौंड भारतात मागे राहिलेल्या लष्करी सामानापोटी वळते झाले. सुमारे १६ कोटी ८० लाख पौंड निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनांच्या तरतुदीसाठी गेले. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, एका पौंडाला ४.०३ डॉलर मिळत होते ते २.८० वर आले, आणि अमेरिकेकडून यंत्रं घ्यायची तर आपल्या उरलेल्या शिलकीची किंमत एका रात्रीत तितकी घसरली. याच काळात इंग्लंडनं अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं, दोन टक्क्यांनी. ते त्यांनी हप्ता न हप्ता फेडलं आणि शेवटचा हप्ता ३१ डिसेंबर २००६ रोजी भरला. एकाच ऋणकोचे दोन धनको. एकाशी त्यानं मुदत आणि व्याज लिहून करार केला. दुसऱ्याला मात्र सांगितलं की तुमचे पैसे सुरक्षित आहेत, आमच्या सोयीनं काढा.

१९५० चं दशक संपता संपता आपली ती शिल्लक जवळजवळ आटली. परकीय चलनाची टंचाई आली आणि १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकारानं भारताला पैसा पुरवणाऱ्या देशांचा गट उभा राहिला. इंग्लंड त्या गटात होतं. दुर्गापूरचा पोलाद कारखाना ब्रिटिश साहाय्यानं उभा राहिला आणि त्याची यंत्रसामग्रीही ब्रिटिश कंपन्यांच्या गटाकडून आली. ज्या दहा-बारा वर्षांत आपलं येणं वसूल होत होतं, त्याच वर्षांच्या शेवटी देणेकऱ्याला दाता हे नाव मिळालं. खात्यातली नावं आणि जमा एकमेकांच्या जागी गेली आणि आमच्या दोन पिढ्या शाळेत एवढंच शिकल्या की भारताला परदेशी मदत मिळाली.

मदत या शब्दाखाली काय काय खपतं याचं मला सर्वांत खुपणारं उदाहरण हेलिकॉप्टरांचं आहे. १९८० च्या दशकात ब्रिटनची वेस्टलँड ही कंपनी अडचणीत होती. तिच्या डब्ल्यू-३० हेलिकॉप्टरांना गिऱ्हाईक नव्हतं. भारताला त्या हेलिकॉप्टरांची निकड नव्हती, इथल्या तज्ज्ञांना ती पसंतही नव्हती. ब्रिटिश सरकारनं ६.५ कोटी पौंडांची मदत देऊ केली आणि त्या मदतीतून २१ हेलिकॉप्टरं भारतात आली, पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीच्या सेवेत. दोन जीवघेणे अपघात झाले. १९९१ मध्ये ती जमिनीवर उतरवली गेली ती कायमचीच, आणि पुढे सगळी मिळून दहा लाख पौंडांहूनही कमी किमतीला विकली गेली. हिशोब मांडून पाहा: पौंड ब्रिटनच्या तिजोरीतून निघाले, ब्रिटनच्याच कंपनीच्या खात्यात गेले, तिथल्या कामगारांचे रोजगार काही काळ वाचले. भारताच्या वाट्याला अपघात आणि भंगार आलं. आणि ब्रिटनच्या विकास खात्याच्या वार्षिक अहवालात, भारताच्या नावासमोर, ६.५ कोटी पौंड मदत.

मलेशियातल्या पेरगाऊ धरणाचीही अशीच कथा. शस्त्रखरेदीच्या बोलण्यांत गुंतलेली ती २३.४ कोटी पौंडांची मदत लंडनच्या न्यायालयानं १९९४ साली बेकायदा ठरवली. त्यानंतर ब्रिटननं आपली मदत ब्रिटिश मालाच्या खरेदीशी बांधायचं २००१ पासून थांबवलं आणि २००२ ला तसा कायदा केला. त्यांच्याच एका संस्थेनं त्यांच्याच सरकारला कोर्टात खेचून हे घडवून आणलं, याचं मला कौतुक वाटतं. मलेशियाच्या किंवा आपल्या नागरिकाला मात्र तो दरवाजा नव्हता.

आता उलट बाजू. इंग्लंडमधला सामान्य करदाता विचारतो, ज्या देशाकडे अवकाश कार्यक्रम आहे त्याला आमचा पैसा कशाला? २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मंत्री जस्टिन ग्रीनिंग यांनी भारताला नवं आर्थिक अनुदान बंद करून २०१५ पर्यंत चालू कामं संपवायची घोषणा केली, तेव्हा हाच सूर होता. आमच्याकडूनही त्याआधी प्रणव मुखर्जींनी राज्यसभेत सांगून टाकलं होतं की ही मदत आमच्या एकूण विकासखर्चात शेंगदाण्याइतकी आहे. त्या दोन वाक्यांत मला दोन्ही राजधान्यांचा मान दिसतो, बस्ती दिसत नाही. वर्षाचे सुमारे २८ कोटी पौंड दिल्लीला शेंगदाणे असतील. मध्य प्रदेशातल्या इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूर या शहरांच्या बस्त्यांत त्या पैशातून शौचालयं आणि नळ येत होते. जे आपण नको म्हटलं, तेवढं आपण आपल्या अंदाजपत्रकातून त्याच बस्तीला दिलं का, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. स्वाभिमानाचा खर्च ज्याच्या घरात शौचालय आहे त्यानं उचलावा.

आणि बंद झाली म्हणतात ती मदत बंद झाली का? २०२३ मध्ये ब्रिटनच्याच स्वतंत्र परीक्षण आयोगानं सांगितलं की २०१६ ते २०२१ या काळात भारताकडे २३० कोटी पौंड आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ उतरलं आणि लंडनच्या एका वाहिनीवर निवेदकानं तो आकडा वाचून पैसे परत मागितले. आकडा खरा होता. पण त्यातले सुमारे १०० कोटी पौंड ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट या त्यांच्या सरकारी कंपनीनं भारतीय उद्योगांत गुंतवलेले होते. हा पैसा नफ्यासह परत येण्यासाठीच गेलेला असतो. तिची स्थापना १९४८ ची, आणि मूळ नाव कलोनियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन. गुंतवणुकीला गुंतवणूक म्हटलं असतं तर त्या निवेदकाला काही मागायला जागा राहिली नसती आणि आम्हाला संतापायलाही. शब्दाचा हा घोळ घरच्या करदात्यालाही फसवतो: २०२३ मध्ये ब्रिटनच्या एकूण परदेशी मदतीतला पाव हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, खुद्द ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांच्या राहण्याखाण्यावर खर्च झाला होता.

मग नुकसानभरपाई मागावी का? आपल्याकडे हल्ली लाखो कोटी डॉलरचे आकडे फिरतात. मी आयुष्यभर व्याज काढत आलो, म्हणून त्या आकड्यांनी माझं मन उचल खात नाही. दोनशे वर्षं चक्रवाढ लावली तर चहाच्या कपाचंही साम्राज्य होतं. लुटीचा मुद्दा मात्र खोटा नाही आणि तो आपल्या लोकांनी फार लवकर मांडला. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी बॉम्बे गॅझेटमध्ये पत्रं लिहून इंग्रजांना त्यांच्या राज्याचा जाब विचारला. दादाभाई नौरोजी पुढे बडोद्याचे दिवाण झाले आणि इंग्लंडच्याच सरकारी आकड्यांवरून वर्षाला किती धन बाहेर जातं ते दाखवत राहिले. रमेशचंद्र दत्तांनीही शेतसाऱ्याचा आणि निर्यातीचा अभ्यास करून तेच सांगितलं, आणि तेही अखेरीस बडोद्याचे दिवाण होते. यांचं सामर्थ्य त्यांच्या आरोपाच्या आकारात नव्हतं. प्रत्येक रकमेपुढे साल होतं आणि प्रत्येक सालापुढे सरकारी कागद होता.

न्यायमूर्ती रानड्यांचं मत थोडं वेगळं पडलं. १८९० च्या पुण्याच्या औद्योगिक परिषदेत ते म्हणाले की ही खंडणी आपल्या डोक्यावर आहे म्हणून आपण काही करूच शकत नाही, असं मानून बसणं बरं नाही. त्या रकमेतला काही भाग इथे गुंतवलेल्या भांडवलावरचं व्याजही आहे. तरुणपणी मला हे मवाळपणाचं वाटायचं. आता वाटतं, रानडे एका खात्यातल्या वेगवेगळ्या नोंदी वेगळ्या करायला सांगत होते. जे व्याज आहे ते व्याज म्हणा, जी लूट आहे तिला लूट. दादाभाई आणि रानडे यांच्यात मला इथे भांडण दिसत नाही.

हैतीचा दावा म्हणूनच मला भक्कम वाटतो. १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका उभ्या करून स्वातंत्र्य मान्य करण्याच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक लिहून घेतले, म्हणजे सुटलेल्या गुलामांनी आपल्या मालकांना भरपाई द्यायची. १८३८ ला रक्कम ९ कोटींवर आली. त्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. तिथे कागद आहे, रक्कम आहे, तारीख आहे. अशा दाव्याला मदतीनं उत्तर देणं म्हणजे दावा बुडवणं. जर्मनीनं २०२१ मध्ये नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या १९०४ ते १९०८ मधल्या संहाराची कबुली दिली आणि ३० वर्षांत ११० कोटी युरो देऊ केले, पण भरपाई हा शब्द टाळून. पैसा विकासकामांसाठी म्हणून जाणार. ज्यांचे पूर्वज मारले गेले त्यांच्यातले अनेक जण रागावले ते पैसा कमी म्हणून तर होतंच, पण आपल्याला बोलणीच्या टेबलावर बसवलं नाही म्हणूनही. त्यांचा राग मला पूर्ण समजतो. देणं मान्य केलं असतं तर त्यांना विचारावं लागलं असतं. मदत देताना विचारावं लागत नाही.

भारताच्या बाबतीत मला हवी आहे ती गोष्ट फार मोठी नाही. १९३९ ते १९५८ या काळातलं पौंड शिलकीचं खातं शाळेच्या पुस्तकात यावं, दोन्ही देशांच्या. किती जमा झालं, कशापोटी कापलं, काय दरानं व्याज दिलं, अवमूल्यनानं किती गेलं. त्याच पानावर पुढच्या मदतीचे आकडे असावेत, अटींसकट, हेलिकॉप्टरांसकट, आणि इंदूरच्या १८३ बस्त्यांसकट. लंडनच्या मुलानं ते वाचलं तर आपण भारताला पोसलं असं त्याला वाटणार नाही. इंदूरच्या मुलालाही कळेल की आपल्या गल्लीतला पाइप कुणाच्या दयेतून आलेला नव्हता आणि तो काही सूड उगवूनही आणलेला नव्हता.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला अस्वस्थ करते आणि ती टाळून लेख संपवणं बरोबर होणार नाही. आता देणाऱ्याच्या खुर्चीत आपण आहोत. भारत सरकार एक्झिम बँकेमार्फत, म्हणजे आयात-निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेमार्फत, आफ्रिकेतल्या आणि शेजारच्या देशांना सवलतीची कर्जं देतं, आणि त्याला आपली वर्तमानपत्रंही सरसकट मदत म्हणतात. या कर्जांची साधारण अट अशी की, किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. वेस्टलँडच्या वेळी जी गाठ आपल्या गळ्याला होती तीच आपण बांधतो आहोत, थोडी सैल असेल इतकंच. आपण कुणावर राज्य केलं नाही हे खरं. पण टांझानियाच्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याच्या पाणीयोजनेचा पंप जर दुप्पट भावाचा निघाला, तर तो भाव त्यालाच व्याजासह भरायचा आहे.

टांझानियाही एके काळी ब्रिटिश अमलाखाली होता. दार-एस-सलाम आणि इतर शहरांच्या पाणीयोजनांना भारतानं अशीच कर्जं दिली आहेत. तिथल्याही एखाद्या गल्लीत चर खणलेला असेल आणि उंबऱ्यापासून फळी टाकलेली असेल. त्या फळीवर उभ्या असलेल्या बाईनं हा पैसा कुणाचा म्हणून विचारलं, तर मी १९९४ मध्ये दिलं तसलं उत्तर तिला मिळू नये. किती डॉलर, किती टक्के, किती वर्षं, कुठली कंपनी, पंप बिघडला तर कुणाकडे जायचं, हे स्वाहिलीत लिहून त्या गल्लीच्या तोंडाशी लावावं, आणि ते लावायचा खर्च आपण करावा.